नाव बापाचं, पैसा स्वतःचा : प्राचीन रोममधल्या बायका

ओसरी

एका थडग्यापासून सुरुवात करते. रोममधलं थडगं, इ. स. पू. दुसऱ्या शतकातलं. दगड हरवलाय, पण हरवण्याआधी कुणीतरी मजकूर उतरवून घेतला होता. मी लॅटिनची पंडित नव्हे, चार वर्षं शब्दकोश उशाशी घेऊन बसलेली हौशी बाई आहे, तेव्हा भाषांतर सांभाळून घ्या :

'वाटसरा, सांगायचंय ते थोडंच आहे. थांब, वाचून जा. हे एका देखण्या बाईचं न-देखणं थडगं. आईबापांनी नाव ठेवलं क्लॉडिया. नवऱ्यावर तिने जिवापाड माया केली. दोन मुलगे झाले. एक जमिनीवर ठेवून गेली, एक जमिनीखाली ठेवला. बोलणं गोड, चालणं डौलदार. घर राखलं. लोकर कातली. झालं सांगून. जा आता.'

मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा 'जा आता'शी अडखळले. इतकं तुटक आणि इतकं पुरेसं!

त्यातलं 'लोकर कातली' लक्षात ठेवा. पुढची कित्येक शतकं रोमन बाईचं कौतुक करायचं म्हटलं की लोकर येतेच. सम्राट ऑगस्टस घरी बहुतेक बायको, बहीण, मुलगी आणि नातींनी केलेलेच कपडे वापरायचा, असं त्याचा चरित्रकार स्वेटोनियसने लिहून ठेवलंय. दासदासींचा ताफा पदरी असलेल्या घरात! म्हणजे आपल्याकडच्या पुढाऱ्यांची खादी आठवावी.

आणि 'नाव ठेवलं क्लॉडिया' हे तरी काय? ते तिचं नावच नव्हे. क्लॉडियस कुळातली म्हणून क्लॉडिया. कॉर्नेलियसची कॉर्नेलिया, ज्युलियसची ज्युलिया. दोघी बहिणी असल्या तर थोरली आणि धाकटी, जास्त झाल्या तर पहिली, दुसरी, तिसरी. मार्क अँटनीला ऑक्टेव्हियापासून दोन मुली झाल्या, दोघीही अँटोनिया. त्याआधीच्या एका लग्नातली मुलगी होती, तीही अँटोनिया. आणि त्या मुलीची आई? अँटनीची चुलतबहीण, म्हणून तीसुद्धा अँटोनिया. वंशावळ काढणाऱ्यांचे किती कागद फुकट गेले असतील!

पण गंमत बघा, हे बापाचं नाव लग्नानंतर बदलत नसे. प्रसिद्ध वक्ता सिसेरो, त्याची बायको टेरेन्शिया शेवटपर्यंत टेरेन्शियाच राहिली. आपल्याकडे ताटात तांदूळ पसरून अंगठीने नवं नाव लिहितात, तसलं काही नाही. नाव न बदलण्यामागे बाईचा मान वगैरे नव्हता. ती कायद्यानेही माहेरचीच राहायची.

आधी तसं नव्हतं. जुन्या पद्धतीच्या लग्नात बाई बापाच्या ताब्यातून नवऱ्याच्या ताब्यात जायची. या ताब्याला शब्दच होता 'मानुस', म्हणजे हात. नवऱ्याच्या हाताखाली गेली की तिची मालमत्ता त्याची, आणि कायद्यापुरती ती त्याच्या मुलीच्या जागी. वर्षभर नवऱ्याकडे सलग नांदली तरी हा ताबा आपोआप बसायचा. मात्र बारा पाट्यांच्या कायद्यात (रोमचा पहिला लेखी कायदा) एक पळवाट होती : दरवर्षी लागोपाठ तीन रात्री घराबाहेर काढल्या की ताबा लागू होत नाही. तीन रात्री! माहेरपणाला इतकी कायदेशीर किंमत मी दुसरीकडे कुठे वाचली नाही.

प्रजासत्ताकाच्या शेवटापर्यंत (इ. स. पू. पहिलं शतक) ताब्याशिवायचं लग्न हीच रीत झाली. बाई बापाच्या अधिकाराखाली, आणि बाप गेला की स्वतःच्या मालमत्तेची मालकीण. नवरा-बायकोची मालमत्ता वेगळी. इतकी वेगळी, की त्यांनी एकमेकांना दिलेली मोठी भेट कायद्याने रद्द ठरायची. हुंडा नवऱ्याच्या हातात जाई, पण घटस्फोट झाला की परत करावा लागे.

टेरेन्शियाचंच घ्या. इ. स. पू. ५८ मध्ये सिसेरो हद्दपार झाला. तिने कळवलं, मी माझ्या मालकीचं गाव विकून पैसे उभे करते. हा तिकडून रडतोय, नको गं, मुलाच्या वाट्याला काय उरेल. गाव तिचं, निर्णय तिचा, आणि रोमचा सगळ्यात मोठा वक्ता विनवण्या करतोय. पुढे इ. स. पू. ४६ मध्ये घटस्फोट झाला आणि हुंडा कसा फेडायचा याचा घोर सिसेरोच्या पत्रांत दिसतो. त्याने लगेच एका श्रीमंत, वयाने फारच लहान मुलीशी लग्न केलं, तेही टिकलं नाही. टेरेन्शिया १०३ वर्षं जगली असं थोरला प्लिनी हा लेखक सांगतो. सिसेरोला इ. स. पू. ४३ मध्ये मारलं. कोण जिंकलं ते तुम्हीच ठरवा.

आता दुसरी बाजू. या बायकांना मत नव्हतं, पद नव्हतं, सभेत जागा नव्हती. पण पैशाला हात लागला की त्या रस्त्यावर आल्या, आणि ते दोनदा नोंदलं गेलंय.

पहिला प्रसंग ओपियन कायद्याचा. कॅनीच्या लढाईत कार्थेजच्या हॅनिबलने रोमचं कंबरडं मोडल्यावर, इ. स. पू. २१५ मध्ये हा कायदा झाला : बाईने अर्ध्या औंसाहून जास्त सोनं बाळगायचं नाही, रंगीबेरंगी कपडे घालायचे नाहीत, धर्मकार्य सोडून शहरात गाडीतून फिरायचं नाही. अर्धा औंस म्हणजे आपल्या हिशेबात सव्वा तोळ्याच्या आसपास. युद्ध संपलं, वीस वर्षं लोटली, पुरुष जांभळी किनार मिरवायला लागले, कायदा तसाच. इ. स. पू. १९५ मध्ये तो रद्द करायचा ठराव आला तेव्हा बायका घराबाहेर पडल्या आणि फोरमकडे (शहराच्या मुख्य चौकाकडे) जाणारे सगळे रस्ते अडवून येणाऱ्या-जाणाऱ्या पुरुषांना गाठू लागल्या. आसपासच्या गावांतूनही आल्या. कॉन्सल, म्हणजे वर्षभरासाठी निवडलेला सर्वोच्च अधिकारी, होता केटो. इतिहासकार लिव्ही त्याच्या तोंडी जे भाषण घालतो, त्यात तो म्हणतो : हेच घरी आपापल्या नवऱ्याला विचारता आलं नसतं का? आणि पुढे, त्या तुमच्या बरोबरीला आल्या की त्याच क्षणी वरचढ होतील. विरोध करणाऱ्या दोन ट्रिब्यूनांच्या (ठराव अडवू शकणारे जनतेचे प्रतिनिधी) दाराशी बायकांनी ठिय्या दिला, त्यांनी माघार घेईपर्यंत हलल्या नाहीत. कायदा गेला.

दुसरा प्रसंग इ. स. पू. ४२ चा. सीझरच्या मारेकऱ्यांशी लढायला त्रिकुटाला (अँटनी, ऑक्टेव्हियन म्हणजे पुढचा ऑगस्टस, आणि लेपिडस) पैसा हवा होता, तेव्हा त्यांनी १४०० श्रीमंत बायकांवर कर लावला. बायका आधी रीतसर घरच्या बायकांकडे गेल्या. ऑक्टेव्हियनच्या बहिणीने आणि अँटनीच्या आईने नीट ऐकून घेतलं, अँटनीची बायको फुल्वियाने दारातून हाकललं. मग त्या थेट फोरममध्ये. हॉर्टेन्शिया, प्रसिद्ध वक्ता हॉर्टेन्सियसची मुलगी, बोलायला उभी राहिली. इतिहासकार अ‍ॅपियनने दिलेल्या भाषणाचा गाभा असा : पदं तुमची, सन्मान तुमचे, सेनापतिपदं तुमची, राज्य तुमचं. त्यात आमचा वाटा शून्य, मग कर आम्ही का भरायचा? त्रिकुटाला संताप आला, पुरुष गप्प असताना बायका सभा भरवतात म्हणून. लिक्टरांना, म्हणजे अधिकाऱ्यांच्या चोपदारांना, त्यांना हटवायला सांगितलं, पण बाहेरचा जमाव खवळला. दुसऱ्या दिवशी १४०० चा आकडा ४०० वर आला.

एवढं लिहून थांबते. मला पडलेला प्रश्न हा : मत नाही आणि मालमत्ता आहे, अशा बाईला वरचढ म्हणायचं की बिचारी? तुम्हाला काय वाटतं?

—

चिंचबोर

पहिली! 😀

नावांचं वाचून माझी आजी आठवली. माहेरची यमुना, सासरी रमाबाई केली. ऐंशीव्या वर्षी सुद्धा कुणी 'यमे' अशी हाक मारली तर तिच्या चेहऱ्यावर वेगळंच ऊन पडायचं. रोमन बाईचं नाव बदललं नाही हे बरंच म्हणायचं, पण 'तिसरी' हे नाव? शाळेतल्या हजेरीसारखं वाटतं.

छान लिहिलंयस ओसरी. वाचतेय.

—

निवृत्त_काळाकोट

लेख आवडला. बत्तीस वर्षं दिवाणी दाव्यांत घालवली, त्यामुळे दोन भर घालतो आणि एक दुरुस्ती.

दुरुस्ती आधी. 'बाप गेला की स्वतःच्या मालमत्तेची मालकीण' हे खरं, पण पूर्ण नाही. मालकीण असली तरी मोठे व्यवहार करायला तिला पालक लागायचा. जमीन विकणं, दास मुक्त करणं, मृत्युपत्र करणं, या सगळ्याला पालकाची संमती. वयाने चाळिशीची असली तरी. कारण काय देत? बायकांची बुद्धी चंचल म्हणून. मौज अशी की दुसऱ्या शतकातला कायदेपंडित गायस आपल्या पाठ्यपुस्तकात स्वच्छ लिहितो, की हे कारण दिसायला ठीक आहे, खरं नाही. जाणत्या वयाच्या बायका आपले व्यवहार स्वतःच करतात आणि पालक कित्येकदा नुसता सोपस्कार म्हणून सही ठोकतो. न्यायाधीश पालकाला संमती द्यायला भागही पाडू शकायचा. एखाद्या विद्यार्थ्याने सरकारी परिपत्रकाच्या समासात 'हे पोकळ आहे' असं लिहावं, तसं हे वाक्य आहे.

या पालकत्वातून सुटायची वाट ऑगस्टसने काढली : तीन मुलं जन्माला घाला, पालक गेला. दासीपणातून मुक्त झालेल्या बाईला चार.

आता भर. बारा पाट्यांच्या कायद्यानुसार (इ. स. पू. ४५१-४५०) बाप मृत्युपत्र न करता मेला तर त्याच्या अधिकाराखालच्या मुलग्यांना आणि मुलींना सारखा वाटा. सारखा! आपल्या राज्यात हिंदू एकत्र कुटुंबात मुलीला जन्माने वाटेकरी मानायला १९९४ उजाडलं, देशभर २००५. मात्र रोमन लोकांनाही हे पचलं नाही. इ. स. पू. १६९ च्या व्होकोनियन कायद्याने सर्वांत श्रीमंत वर्गातल्या माणसाला मृत्युपत्रात बाईला वारस नेमायची बंदी केली. आमच्या अशिलांच्या घरात बहिणीकडून हक्कसोड लिहून घ्यायची जी घाई असते, तिचीच ही थोरली बहीण.

दुसरी भर वकिलीतली. गाया अफ्रानिया म्हणून एक बाई होती. प्रेटरपुढे (न्यायदान करणारा अधिकारी) स्वतःचे दावे स्वतः चालवायची, वकील न घेता. व्हॅलेरियस मॅक्सिमस या लेखकाने तिच्याबद्दल जी भाषा वापरलीय ती इथे लिहीत नाही. पुढे दुसऱ्यासाठी दावा चालवायची बायकांना बंदी झाली आणि त्या बंदीचं खापर या एकटीवर फुटलं. आपल्याकडे कायद्याने बायकांना वकिलीचं दार उघडलं ते १९२३ साली. तिथवर पोचायला ज्यांनी उंबरठे झिजवले, त्यांतली एक नाशिकला जन्मलेली, आणि नाव कॉर्नेलिया. सोराबजी.

—

थेटबोल्या

धागा चांगला आहे, पण मला एक खटकलं. टेरेन्शिया, हॉर्टेन्शिया, सोनं, गाड्या, जांभळी किनार. हे सगळं हजार-दीड हजार घरांतलं. १४०० बायका कर भरायला नको म्हणून फोरममध्ये गेल्या, त्यांची पालखी कुणी उचलली? त्यांचे केस कुणी विंचरले? लोकर खरंच कुणी कातली? त्यांच्याबद्दल दोन ओळी नाहीत. आपल्याकडेही पेशवाईतल्या बायका म्हटलं की वाड्यातल्याच आठवतात, कुणबिणी कुणाला आठवतात?

—

ओसरी

@काळाकोट, दुरुस्ती मान्य. गायसचं वाक्य लेखात यायलाच हवं होतं.

@थेटबोल्या, टोचलं, पण बरोबर टोचलंस. लिहिते.

लिव्हियाच्या, म्हणजे ऑगस्टसच्या बायकोच्या, घरातल्या दासदासींची आणि मुक्त केलेल्यांची एक सामाईक समाधी १७२६ मध्ये अप्पियन रस्त्यावर सापडली. भिंतीभर कोनाडे, कोनाड्यात अस्थिकलश, खाली नावाची पाटी, आणि पाटीवर कामसुद्धा. केस विंचरणारी. कपडे शिवणारी-सांधणारी. सुईण. लोकरीचा रोजचा वाटा तोलून देणारा. म्हणजे लोकर कुणी कातली याचं उत्तर त्या कोनाड्यांत आहे. केस विंचरणाऱ्यांचं आयुष्य कसं होतं ते कवी ओव्हिडच्या एका सल्ल्यातून कळतं. तो बायकांना सांगतो, शृंगार करताना दासीचं तोंड ओरबाडू नका, तिच्या दंडात टाचणी खुपसू नका, मला आवडत नाही. सल्ला द्यावा लागला म्हणजे चालत असणार.

दासीला कायद्याने लग्न नव्हतं. एखाद्या दासासोबत संसार थाटला तरी तो मालकाच्या मर्जीवर, आणि झालेलं मूल मालकाचं. तिच्या शरीरावर मालकाने हात टाकला तर तो गुन्हा नव्हता. दुसऱ्या कुणी टाकला तर मालकाच्या वस्तूचं नुकसान.

वर काळाकोटांनी तीन मुलं-चार मुलं सांगितलं ना? शेतीवर लिहिणारा कोलुमेला, इ. स. पहिल्या शतकातला, काय म्हणतो बघा : शेतावरच्या दासीने तीन मुलगे दिले की मी तिला कामातून मोकळीक देतो, त्याहून जास्त दिले की स्वातंत्र्य. जन्माने स्वतंत्र बाईला तीन मुलं, मुक्त दासीला चार, दासीला तिनाहून जास्त. पायरी कुठलीही असो, मोजमाप एकच.

आणि बाहेर पडलेली एक : ऑरेलिया नाइस. दासी होती, गाइयस नावाच्या मालकाने मुक्त केली. तिच्या थडग्यावर धंदा लिहिलाय : गाल्बाच्या कोठारांजवळची मासेवाली. बास. नवऱ्यावर माया केली, लोकर कातली, काही नाही. मासेवाली.

—

चिंचबोर

मासेवाली! हे मला क्लॉडियापेक्षा आवडलं. आमच्या मालवणच्या बाजारात ही सहज खपली असती, आणि घासाघीस करणाऱ्याला उभं केलं नसतं.

—

डॉ_सुंठसाखर

स्त्रीरोग हा माझा विषय, त्यामुळे दोन शब्द बाळंतपणावर.

मुलीचं लग्नाचं किमान वय बारा. कायद्याने. आपल्याकडे १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा झाला तो दहावरून बारावर नेण्यासाठी, आणि त्यावरून केवढा गदारोळ उठला होता. म्हणजे रोमच्या रेषेवर यायला आपण भांडत होतो. वरच्या घरांत मुलींची लग्नं लवकर होत, साध्या घरांत थोडी उशिरा, हे थडग्यांवरच्या वयांवरून दिसतं.

ग्रॅकस बंधू या दोन सुधारक पुढाऱ्यांची आई कॉर्नेलिया हे रोमन मातृत्वाचं आदर्श उदाहरण. 'माझे दागिने म्हणजे माझी मुलं' ही गोष्ट तिचीच. तिला बारा मुलं झाली. मोठी झाली तीन. मी ही संख्या नेहमी माझ्या विद्यार्थ्यांना सांगते, गोष्ट नाही सांगत. सिसेरोची मुलगी टुलिया इ. स. पू. ४५ मध्ये बाळंतपणानंतर गेली, तिशीच्या आसपास. बाप दुःखाने महिनोन्‌महिने सावरला नाही.

पण माझी आवडती बाई सुईणच आहे. ओस्टिया बंदराजवळच्या दफनभूमीत स्क्रिबोनिया अटीके हिने बांधलेली समाधी आहे, दुसऱ्या शतकातली. नवरा वैद्य, मार्कस उल्पियस अमेरिम्नस. दाराशी भाजक्या मातीच्या दोन चौकटी. एकीत तो रुग्णाचा पाय बघतोय. दुसरीत ती : बाळंतीण खुर्चीवर, खुर्चीच्या मुठी घट्ट धरून, मागे एक बाई तिला कवेत घेऊन उभी, आणि सुईण पुढे ठेंगण्या स्टुलावर बसून हात पुढे करून. तोंड मात्र बाजूला वळवलेलं. लोकांना वाटतं ती फोटोला पोझ देतेय. पण एफिससच्या सोरानस या वैद्याने लिहून ठेवलंय, सुईणीने रोखून बघू नये, बाळंतीण लाजेने अंग आखडते. पंचवीस वर्षांच्या अनुभवाने सांगते, हे शंभर टक्के खरं आहे.

सोरानसची सुईणीची व्याख्या : लिहिता-वाचता येणारी, स्मरण चांगलं, निर्व्यसनी, बोटं लांब आणि नाजूक, नखं कापलेली, अंधश्रद्धेपायी आवश्यक ते टाळणारी नको. आणि तिला स्वतःला मूल झालेलंच असलं पाहिजे असं नाही. हे शेवटचं वाक्य आजही काही सासवांना वाचून दाखवावंसं वाटतं.

—

थेटबोल्या

डॉक्टर, आणि मुलगी झाली तर?

—

डॉ_सुंठसाखर

बाप ठरवायचा. इजिप्तमध्ये ऑक्सिरिंकसला एक पत्र सापडलंय, इ. स. पू. १ या वर्षातलं, म्हणजे ऑगस्टसच्याच राज्यातलं. हिलारियन नावाचा माणूस अलेक्झांड्रियात कामाला, बायको अलिस गावी, पोटुशी. लिहितो : काळजी करू नकोस, पगार मिळाला की पाठवतो, बाळाला जप. बाळंत झालीस आणि मुलगा असला तर ठेव, मुलगी असली तर टाकून दे. पुढच्याच ओळीत : तू म्हणतेस मला विसरू नकोस, तुला मी कसा विसरेन?

मी सोनोग्राफीच्या खोलीत काम केलंय. पुढे काही लिहीत नाही.

—

खापरखुंटी

अवांतर वाटेल, पण नाही.

थोरला प्लिनी कुरकुर करतो : भारत, चीन आणि अरबस्तान मिळून दरवर्षी दहा कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) आपल्या साम्राज्यातून उपसून नेतात, इतके महाग पडतात आपले चोचले आणि आपल्या बायका. त्याने लोलिया पाउलिनाला (सम्राट कॅलिग्युलाची काही काळची बायको) एका साध्याशा साखरपुड्याच्या जेवणात पाहिलं होतं, डोकं, केस, कान, गळा, बोटं सगळं मोती आणि पाचूंनी मढलेलं, किंमत चार कोटी. कुणी शंका घेतली तर पावत्या दाखवायची तयारी! पण हाच प्लिनी पुढे सांगतो की हा ऐवज कुणा उधळ्या सम्राटाची भेट नव्हता, आजोबांनी प्रांतांत राहून केलेल्या लुटीतून आला होता. शिवी मात्र बायकांना.

आता आपल्या अंगणातलं. १९३८ मध्ये इटलीतल्या पॉम्पेईत एका घरात हस्तिदंताची मूर्ती सापडली. वीतभराहून थोडी उंच, अंगभर दागिने, दोन्ही बाजूंना प्रसाधनाचं सामान घेतलेल्या छोट्या दासी. 'पॉम्पेईची लक्ष्मी' म्हणतात, पण लक्ष्मी असावी असं आता फारसं कुणी धरत नाही, यक्षी म्हणणं बरं. आरशाची मूठ किंवा फर्निचरचा पाय असावा. इ. स. ७९ ला व्हेसूव्हियसने गाव गाडलं, म्हणजे त्याआधी ती तिथे पोचलेली. जालना जिल्ह्यातल्या भोकरदनच्या उत्खननात तशाच धाटणीची मूर्ती मिळाली, धाराशिव जिल्ह्यातल्या तेरलाही. म्हणून ढवळीकरांसारख्या संशोधकांनी ती सातवाहनांच्या मुलखात कोरली असावी असं मांडलं. भोकरदनच्या कारागिराच्या हातची बाई पॉम्पेईत कुणा बाईच्या शृंगाराच्या सामानात!

आणि नावांचं म्हणाल तर, रोममध्ये मुलीला बापाच्या कुळाचं नाव चिकटत होतं तेव्हाच इकडे राजे स्वतःला गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र म्हणवत होते. नाशिकच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे, नाणेघाटात नागनिकेचा.

—

थेटबोल्या

खापरखुंटी, माहिती एक नंबर. पण आईचं नाव लावलं म्हणजे आईला मान, हे काही सिद्ध होत नाही हां. गादी मुलग्यालाच.

—

खापरखुंटी

मान्य. मी फक्त नावं शेजारी-शेजारी ठेवली.

बरं, पॉम्पेई निघालंच आहे तर तिथल्या भिंती बघा. मत नसलेल्या बायका निवडणुकीचा प्रचार करतायत. स्टॅशिया आणि पेट्रोनिया या दोघींनी भिंतीवर रंगवून घेतलंय, मार्कस कॅसेलियसला निवडून द्या. आसेलिना नावाची खानावळवाली, तिच्या दुकानाच्या भिंतीवर तिच्याकडे कामाला असलेल्या पोरींच्या नावाने असेच मजकूर. भाड्याची जाहिरात आहे ज्युलिया फेलिक्सची : स्पुरियसच्या मुलीच्या मिळकतीत प्रतिष्ठितांसाठी स्नानगृह, दुकानं, माड्या, वरच्या खोल्या, १३ ऑगस्टपासून सलग पाच वर्षांच्या करारावर. अकरा महिन्यांची कटकट नाही! आणि युमाकिया. फोरमच्या ऐन मोक्यावर स्वतःच्या खर्चाने भली थोरली इमारत बांधली, शिलालेखात स्वतःचं नाव आधी, मग मुलाचं. परिटांच्या संघाने तिचा पुतळा उभारला. परीट कपडे कशात धूत हे जेवताना वाचू नका.

—

वाटसरू_००७

व्हेस्टा या चुलीच्या देवीची सेवा करणाऱ्या कुमारिकांचा उल्लेख कसा नाही? त्या तर सगळ्यांत स्वतंत्र होत्या ना?

—

ओसरी

स्वतंत्र म्हणजे, सहा जणी. सहा ते दहा वर्षांच्या असताना निवडायच्या, तीस वर्षं सेवा : दहा शिकण्यात, दहा करण्यात, दहा शिकवण्यात. बापाच्या अधिकारातून मुक्त, पालक नाही, मृत्युपत्र करता येई, पुढे लिक्टर चोपदारासारखा चालायचा, वाटेत फाशीचा कैदी समोर आला तर तो सुटायचा. तीस वर्षं संपल्यावर लग्न करायची मुभा. आणि ब्रह्मचर्य मोडलं असं ठरलं तर शहराच्या कोलाइन दरवाजाशी जमिनीखालच्या खोलीत दिवा, थोडं अन्न, थोडं पाणी ठेवून जिवंत गाडायचं. सम्राट डोमिशियनने प्रमुख कुमारिका कॉर्नेलियाला असंच गाडलं. धाकट्या प्लिनीने लिहिलंय, खाली उतरताना तिचा झगा अडकला, तिने वळून सोडवून घेतला, जल्लादाने आधाराला हात पुढे केला तर अंग चोरून मागे सरकली. हे स्वातंत्र्य मला नको.

—

निवृत्त_काळाकोट

स्वातंत्र्यावरून आठवलं. ऑगस्टसने इ. स. पू. १८ च्या सुमारास व्यभिचार घरातून काढून कोर्टात आणला. बायकोने व्यभिचार केला तर नवऱ्याने तिला सोडलंच पाहिजे, नाहीतर तोच दलाल म्हणून आरोपी. मग साठ दिवसांत फिर्याद करायचा पहिला हक्क त्याचा आणि तिच्या बापाचा, त्यानंतर कुणीही तिऱ्हाईत. बाईचा अर्धा हुंडा, एक तृतीयांश मालमत्ता जप्त, बेटावर हद्दपारी. नवऱ्याने दासीकडे किंवा वेश्येकडे जाणं यात बसत नाही. सोळा वर्षांनी, इ. स. पू. २ मध्ये, त्याच्याच मुलीवर, ज्युलियावर, तो आरोप आला आणि तिला पांडाटेरिया बेटावर पाठवलं. दारू बंद. सोबत गेली तिची आई स्क्रिबोनिया, जिला ऑगस्टसने ज्युलिया जन्मली त्याच दिवशी सोडलं होतं. स्वखुशीने गेली.

आणि विस्टिलिया! कायद्यात वेश्येवर व्यभिचाराचा खटला होत नाही, म्हणून प्रेटर घराण्यातल्या या बाईने इ. स. १९ मध्ये सरकारदरबारी जाऊन वेश्या म्हणून स्वतःची नोंद करून घेतली. बत्तीस वर्षांत असा युक्तिवाद करणारं अशील मला भेटलं नाही. सेनेटने तातडीने नियम केला, आजा, बाप किंवा नवरा अश्वारोही दर्जाचा (सेनेटरांखालचा श्रीमंत वर्ग) असेल तर नोंद नाही. तिला बेटावर पाठवलं. नवऱ्याला विचारलं, तू फिर्याद का नाही केलीस? तो म्हणाला, माझे साठ दिवस अजून संपले नव्हते. सोडून दिलं त्याला.

—

चिंचबोर

😂 साठ दिवस!

पण मला एक सांगा. आतापर्यंत जे आलं ते लिव्हीने लिहिलं, प्लिनीने लिहिलं, अ‍ॅपियनने लिहिलं. क्लॉडियाच्या थडग्यावरसुद्धा नवऱ्याने किंवा मुलाने लिहून घेतलं असणार. बाईने स्वतःच्या हाताने लिहिलेलं काही आहे का?

—

ओसरी

आहे. ब्रिटनमध्ये, व्हिंडोलांडा या लष्करी ठाण्यात. लाकडाच्या पातळ पापुद्र्यांवर शाईने लिहिलेली पत्रं चिखलात टिकली. इ. स. १०० च्या आसपासचं एक पत्र, एका अधिकाऱ्याच्या बायकोने दुसऱ्या अधिकाऱ्याच्या बायकोला लिहिलेलं. क्लॉडिया सेवेरा टू सुल्पिसिया लेपिडिना. ११ सप्टेंबरला माझा वाढदिवस आहे, नक्की ये, तू आलीस की दिवस गोड होईल, तुझ्या सेरियालिसला माझा नमस्कार सांग, माझा एलियस आणि लहानगा नमस्कार सांगतात. हे सगळं लेखनिकाच्या सुबक अक्षरात. खाली वेगळ्या, जरा अवघडलेल्या हातात :

'वाट बघीन गं बाई. निरोप घेते. माझा जीव तू, सुखी राहा, लाडके.'

हा हात सेवेराचा. बाईने लिहिलेलं सगळ्यांत जुनं लॅटिन म्हणून जी मोजकी अक्षरं दाखवतात, त्यांत या ओळी. लॅटिनमध्ये 'सोरोर', बहीण, म्हटलंय. सख्ख्या नव्हत्या. मी 'गं बाई' केलं.

—

थेटबोल्या

आणि गेली का ती वाढदिवसाला?

—

ओसरी

त्याच सेवेराचं आणखी एक पत्र मिळालंय. त्यात तिलाच लेपिडिनाकडे जायचंय. म्हणते, तुझ्याशी बोलल्याप्रमाणे ब्रोकसला विचारलं (ब्रोकस म्हणजे तोच एलियस, नवरा), आणि तो म्हणाला, कधीही, जसं जमेल तसं जा, माझी ना नाही.

—

चिंचबोर

चांगला होता ब्रोकस.

विचारलं मात्र तिने.